एक इमारत, दोन प्रकारचा गारवा: पोचारमच्या एसडीबी-1 चा हिशोब

हैदराबादच्या पूर्वेला पोचारम इथे इन्फोसिसचा कॅम्पस आहे. तिथली एसडीबी-1 (सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट ब्लॉक) ही कार्यालयीन इमारत 2011 च्या सुरुवातीला वापरात आली. बांधकाम सुमारे 24,000 चौरस मीटर, म्हणजे अडीच लाख चौरस फुटांच्या घरात. बसणारी माणसं साधारण अडीच हजार, मानांकन लीड इंडियाचं प्लॅटिनम, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींसाठीचं सर्वोच्च. अशी मानांकनं आता देशात पुष्कळ इमारतींना आहेत. तरीही मोठं ऑफिस बांधणाऱ्या प्रत्येकाने ही इमारत नीट समजून घ्यावी, कारण इथे एक प्रयोग झाला आणि त्याचं मोजमाप खुलं केलं गेलं.

प्रयोग असा. इमारतीचे दोन अर्धे भाग हुबेहूब सारखे. भिंती, काच, छज्जे, दिवे, काम आणि माणसांची दाटी, सगळं तेच. फरक फक्त गारव्याचा. एका भागात नेहमीची, पण उत्तम दर्जाची, हवेवर चालणारी एसी: हवा गार करून ढकलणारं यंत्र म्हणजे एएचयू, ती वाहून नेणाऱ्या डक्ट आणि गरजेप्रमाणे हवा कमीजास्त सोडणाऱ्या व्हीएव्ही पेट्या. दुसऱ्या भागात स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पाइप गाडून त्यांतून गार पाणी फिरवलेलं, म्हणजे रेडियंट कूलिंग. दोन्हीकडचा एसीचा वीजवापर वेगळा मोजला गेला.

पहिल्या पूर्ण वर्षाचे आकडे: हवेवर चालणाऱ्या भागात एसीसाठी दर चौरस मीटरला 38.7 युनिट, स्लॅब गार करणाऱ्या भागात 25.7 युनिट. फरक 34 टक्के. गुरुप्रकाश शास्त्री आणि पीटर रमसी यांनी हे मोजमाप 2014 साली ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात मांडलं. यात दिवे आणि कॉम्प्युटर धरलेले नाहीत, हा वापर फक्त एसीचा आहे. प्रत्येक भाग साधारण 11,600 चौरस मीटरचा धरला, तर वर्षाला दीड लाख युनिटांचा फरक पडतो. युनिटला 8 रुपये लावले तरी 12 लाख रुपये होतात.

या आकड्यांची किंमत कळायला एरवी काय होतं ते पाहावं लागतं. ‘आमची इमारत 40 टक्के वीज वाचवते’ असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा तुलना बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर उभ्या केलेल्या एका काल्पनिक इमारतीशी असते. ती इमारत जितकी उधळी धराल, तितकी तुमची बचत मोठी दिसते. इथे तुलनेला उभा असलेला भाग खरा होता, त्याच उन्हात होता आणि तोही काटकसरीनेच बांधलेला होता. म्हणून हे 34 टक्के आम्ही जास्त विश्वासाने घेतो.

बचत कुठून आली

गारवा देणं म्हणजे खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणं. ती हवेने उचलायची की पाण्याने, एवढाच प्रश्न आहे. 100 किलोवॉट उष्णता घ्या. खोलीच्या तापमानापेक्षा 11 अंश गार हवा सोडून ती उचलायची, तर सेकंदाला सुमारे 7,600 लिटर हवा ढकलावी लागते. पाणी फक्त 3 अंश तापू दिलं, तर तेच काम सेकंदाला 8 लिटर पाण्यात होतं. हवेसाठी जवळपास एक चौरस मीटर छेदाची डक्ट लागते, पाण्याला 80 मिलिमीटरचा पाइप पुरतो. हवेच्या एसीत पंखे दिवसभर चालतात आणि त्यांची वीज शेवटी उष्णता होऊन त्याच हवेत मिसळते. ती काढायला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, पुन्हा राबतो. पंपाचा खर्च यापुढे किरकोळ असतो.

दुसरी बचत चिलरमध्ये. हवेच्या एसीला 7-8 अंशांचं पाणी लागतं, कारण त्याच कॉइलने (गार पाण्याच्या नळ्यांच्या जाळीने) हवा गारही करायची असते आणि कोरडीही. स्लॅबला 14-15 अंशांचं पाणी चालतं. चिलरमधून निघणारं पाणी एका अंशाने कोमट चाललं, की चिलरची वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी उतरते. सहा-सात अंशांचा फरक म्हणजे चांगलीच रक्कम.

ताज्या हवेला मात्र पर्याय नाही. माणसाला श्वास घ्यायला ती हवीच, आणि ओलावाही तिच्यातूनच काढायचा असतो. त्यामुळे रेडियंट भागात फक्त बाहेरची ताजी हवा आणणारं वेगळं यंत्र असतं. माणशी सेकंदाला सात लिटर धरले, तर साडेबाराशे माणसांना पावणेनऊ हजार लिटर होतात. सगळा गारवा हवेनेच द्यायचा असता, तर चौरस मीटरला 40 वॉट भार धरूनही याच्या चौपट हवा फिरवावी लागली असती.

आधी भिंत, मग पाइप

रेडियंट कूलिंगची चर्चा नेहमी पाइपपासून सुरू होते, आणि इथेच पुष्कळ प्रकल्प फसतात. स्लॅब किती उष्णता ओढू शकतो याला मर्यादा आहे. स्लॅबचा पृष्ठभाग 20-21 अंशांवर आणि खोली 26 अंशांवर असेल, तर गार छत चौरस मीटरला साधारण 55 ते 65 वॉट उचलतं. त्याहून जास्त हवं असेल तर पृष्ठभाग आणखी गार करावा लागेल, आणि मग त्यावर पाणी सुटेल. भार या मर्यादेत बसवणं हे आर्किटेक्टचं काम आहे. एसीचा कंत्राटदार ते मागाहून करू शकत नाही.

पश्चिमेच्या भिंतीलगतचा सहा मीटर खोल पट्टा घेऊ. तीन मीटर उंच काच, दुपारचं ऊन चौरस मीटरला 600 वॉट, आणि काच इतकी चांगली की त्यातली चौथाई उष्णताच आत येते. तरी भिंतीच्या दर मीटरमागे 450 वॉट आत आले. सहा चौरस मीटर जमिनीवर पसरले तर 75 वॉट. त्यात माणसं, कॉम्प्युटर आणि दिवे यांचे वीस-बावीस वॉट मिळवले की आकडा 95 च्या वर जातो. स्लॅब हरला. आता काच कमी करा, तिच्यावर छज्जा द्या आणि फक्त आकाशाचा पसरट उजेड आत येऊ द्या. उन्हाचा वाटा सात-आठ वॉटवर येतो, एकूण भार तिसाच्या आसपास. स्लॅब आरामात पुरतो.

एसडीबी-1 मध्ये हेच आधी केलं गेलं. लांब बाजू उत्तर-दक्षिण, काच भिंतीच्या 30 टक्क्यांहून कमी, भिंत आणि गच्ची दोन्हींना उष्णतारोधक थर. खिडकीचे दोन भाग, खालचा बाहेर पाहण्यासाठी आणि वरचा उजेडासाठी. मधल्या फळीवर पडलेला उजेड छतावर उडतो आणि खोल आतपर्यंत जातो.

छज्ज्याचा हिशोब आपल्याकडे अनेकदा उत्तरेकडच्या देशांच्या पुस्तकांतून उचलला जातो आणि चुकतो. हैदराबाद 17.4 अक्षांशावर आहे. 21 जूनला दुपारी सूर्य डोक्यावरून सहा अंश उत्तरेला गेलेला असतो, म्हणजे उत्तरेच्या खिडकीलाही लहान छज्जा आणि बाजूच्या उभ्या पट्ट्या हव्यात. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला 49 अंशांवर असतो. तेव्हा 1.2 मीटर उंच काच पूर्ण सावलीत ठेवायला मीटरभर छज्जा लागतो. खिडकी मधल्या फळीने दुभंगली, की तेवढाच परिणाम कमी खोलीच्या दोन छज्ज्यांत मिळतो. पुणे आणि मुंबई एक-दीड अंश उत्तरेला आहेत, म्हणून हे आकडे आपल्याकडे जवळपास तसेच लागू पडतात.

स्लॅब ओतताना

एकदा काँक्रीट पडलं की हातात काही उरत नाही, म्हणून या कामाचा सगळा कस स्लॅब ओतण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत लागतो. आता जे सांगतोय ते अशा कुठल्याही स्लॅबला लागू आहे.

पाइप पेक्सचा (एका टिकाऊ प्लॅस्टिकचा), बाहेरून 20 मिलिमीटर, आणि त्याला ऑक्सिजन रोखणारा थर हवाच. तो नसेल तर पाइपच्या भिंतीतून हवा पाण्यात झिरपते आणि लोखंडी पंप-व्हॉल्व्ह आतून गंजतात. दोन पाइपांत 150 मिलिमीटर अंतर ठेवलं, तर चौरस मीटरला 6.7 मीटर पाइप लागतो, हजार चौरस मीटरला पावणेसात किलोमीटर. एक वेटोळं 80 ते 100 मीटरचं, म्हणजे हजार चौरस मीटरला पंचाहत्तरेक वेटोळी. वेटोळ्यांच्या लांबीत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको, नाहीतर आखूड वेटोळं पाणी खातं आणि लांब वेटोळं उपाशी राहतं. काँक्रीटच्या पोटात पाइपला सांधा द्यायचा नाही. प्रत्येक वेटोळं अखंड, आणि दोन्ही टोकं मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्या वेटोळ्यांना पाणी वाटणाऱ्या जोडनळीवर.

खालची सळई बांधून झाली, कव्हर ब्लॉक बसले, की त्या जाळीवर पाइप बांधतात. बाइंडिंग वायर करकचून आवळली तर पाइपला खाच पडते, म्हणून प्लॅस्टिकचे टाय बरे. जिथे विद्युत कंड्युट, फायरचे स्लीव्ह आणि पाइप एकाच पट्ट्यात येतात, तिथे आधी नकाशावर भांडण मिटवलेलं असावं. साइटवर इलेक्ट्रिशियन त्याच्या सोयीने पाइप सरकवतो आणि 150 चं अंतर कुठे 80, कुठे 250 होतं. एक्स्पान्शन जॉइंट ओलांडताना पाइपवर मऊ स्लीव्ह हवं. तसंच दारं, जिने आणि लिफ्टच्या लॉबीलगतचा पट्टा पाइपविना सोडायचा, कारण बाहेरची दमट हवा तिथूनच शिरते.

बांधून झालं की सहा बारच्या दाबावर पाइप भरून ठेवतात आणि काँक्रीट ओततानाही तो दाब तसाच ठेवतात. गेजजवळ एक माणूस उभा हवा आणि त्याने दुसरं काहीही करू नये. व्हायब्रेटरची सुई पाइपवर बसली किंवा कुणी फावडं मारलं, तर काटा लगेच पडतो. त्या क्षणी काँक्रीट बाजूला करून कपलिंग बसवता येतं आणि जागा नकाशावर नोंदता येते. दोन तासांनी कळलं तर ते वेटोळं गेलं. अशी एक-दोन वेटोळी गेली तरी इमारत चालते, पण ती नेमकी कुठली हे लिहिलेलं नसेल तर वर्षभर त्या कोपऱ्यातून तक्रारी येत राहतात.

पाणी सोडण्याआधी प्रत्येक वेटोळं वेगळं धुऊन काढायचं. सिमेंटचा चिखल आणि प्लॅस्टिकचा चुरा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. मग हवा काढायची आणि थर्मल कॅमेरा घेऊन छत बघायचं. चालू वेटोळी गडद पट्ट्यांसारखी दिसतात, तुंबलेली दिसतच नाहीत. हाच कॅमेरा पुढे भाडेकरूने छताला खिळा ठोकायच्या आधीही लागतो. छिद्राची कमाल खोली ठरवून ती देखभालीच्या परवान्यावर छापलेली असावी.

दवबिंदू

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप नेहमी एकच असतो: छतातून पाणी टपकेल. भीती खोटी नाही. थंड पाण्याच्या तांब्याला पावसाळ्यात बाहेरून घाम येतो, तेच इथे होऊ शकतं. पण कधी होईल हे आधी सांगता येतं. खोली 26 अंशांवर आणि आर्द्रता 55 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतून पाणी सुटू लागतं तो, 16.3 अंश, स्लॅबचा पृष्ठभाग 20-21 वर. चार अंशांची मोकळीक आहे. आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की दवबिंदू 20.1 होतो आणि मोकळीक संपते.

म्हणजे स्लॅब सुरक्षित ठेवण्याचं काम ताज्या हवेच्या यंत्राकडे आहे. माणूस बसल्या बसल्या तासाला साधारण 80 ग्रॅम ओलावा सोडतो. तो उचलायला आत येणाऱ्या हवेचा दवबिंदू 12-13 अंशांपर्यंत उतरवावा लागतो, आणि तेवढं करायला कॉइलला 7-8 अंशांचंच पाणी हवं. इथे काही जण काटकसर म्हणून सगळं एकाच 12 अंशांच्या पाण्यावर ओढायला जातात. मग हवा पुरेशी कोरडी होत नाही, स्लॅब गार करायचं धाडस होत नाही आणि शेवटी जादा फॅन कॉइल (पंखा आणि गार पाण्याच्या नळ्या असलेली पेटी) बसवून बचत घालवली जाते. दोन तापमानांची दोन वेगळी वर्तुळं करणं हाच सरळ मार्ग. बाहेर जाणाऱ्या हवेचा गारवा आणि कोरडेपणा परत मिळवणारं चाक यंत्रात असलं, की या गार पाण्याची गरजही आटोक्यात राहते.

चालवण्याचे नियम थोडे आहेत, पण मोडायचे नाहीत. स्लॅबमध्ये जाणारं पाणी खोलीच्या दवबिंदूच्या फार खाली जाऊ द्यायचं नाही, आणि पृष्ठभाग दवबिंदूच्या दोन अंश वरच ठेवायचा. सोमवारी सकाळी आधी ताजी हवा तास-दोन तास चालवून खोली कोरडी करायची, मगच स्लॅबचे पंप. मॅनिफोल्ड आणि उघडे पाइप 14 अंशांवर असतात, म्हणजे दवबिंदूच्या खाली, म्हणून त्यांना इन्सुलेशन सलग हवं. छत टपकतंय अशी तक्रार आली की आधी मॅनिफोल्डची पेटी उघडून बघावी. पँट्री, कॅन्टीन आणि वीस माणसांच्या बैठकीच्या खोल्या फक्त स्लॅबवर सोडायच्या नाहीत, तिथे जोडीला फॅन कॉइल लागते.

आणखी एक सवय मोडावी लागते. स्लॅब सावकाश गार होतो आणि सावकाशच तापतो. थर्मोस्टॅट दोन अंशांनी खाली केला तर परिणाम काही तासांनी दिसतो, तोवर तक्रार करणारा घरी गेलेला असतो. हवेच्या एसीवर वाढलेला ऑपरेटर दिवसभर सेटिंग हलवत राहतो आणि स्लॅब दुपारी अतिगार, संध्याकाळी कोमट असा झोके खातो. पाण्याचं तापमान सकाळीच ठरवून ते सोडून द्यायचं. तात्पुरती गरज छताच्या पंख्याने भागवायची.

माणसांना कसं वाटलं

दोन्ही भागांतल्या लोकांना विचारलं गेलं. तापमानाबद्दल समाधानी असलेले रेडियंट भागात 63 टक्के, हवेच्या भागात 45 टक्के. कारण समजण्यासारखं आहे. शरीराला जाणवणारा गारवा निम्मा हवेचा आणि निम्मा भोवतालच्या पृष्ठभागांचा असतो. छत 21 अंशांवर असलं की 26 अंशांची हवाही सुखाची वाटते, आणि मानेवर झोत येत नाही. पण 63 टक्क्यांवर समाधान मानू नये. ॲश्रेचं स्वतःचं उद्दिष्ट 80 टक्क्यांचं आहे.

आवाजाची बाजूही लक्षात ठेवावी. फॉल्स सीलिंग लावलं तर स्लॅबचा गारवा त्यामागेच अडकतो, आणि उघड्या काँक्रीटखाली शंभर माणसांचं बोलणं घुमतं. उपाय आहे: आवाज शोषणारे सुटे फलक छतापासून खाली टांगायचे. चाचण्यांत असं दिसलं आहे की निम्म्याच्या आसपास छत असं झाकलं तरी गारवा दहा-बारा टक्क्यांनीच घटतो. हे फलक अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावेत. ‘नंतर बघू’ म्हटलेले फलक कधीच लागत नाहीत.

खर्च

पोचारममध्ये रेडियंट भागाचा भांडवली खर्च हवेच्या भागापेक्षा किंचित कमीच आला. पाइप, मॅनिफोल्ड आणि मजुरी वाढते, पण डक्ट आणि एएचयू लहान होतात, त्यांच्या खोल्यांची जागा वाचते. भार आधी कमी केलेला असल्यामुळे चिलरही लहान लागतो. हा हिशोब भिंत आणि एसी एकत्र मांडला तरच जमतो. पूर्ण काचेची इमारत ठरवून झाल्यावर सल्लागाराला ‘आता रेडियंटचा दर द्या’ म्हटलं, तर दर महागच येणार आणि तो खराच असणार.

इन्फोसिसने ही पद्धत पुढच्या अनेक इमारतींत वापरली. महाराष्ट्रात ती आणायची तर पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे हैदराबादचे आकडे थोड्या फरकाने चालतील. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीला जास्त जपावं लागेल. जुलैत तिथल्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू 24-25 अंशांवर असतो, स्लॅबच्या पृष्ठभागाच्याही चार अंश वर. उघडणाऱ्या खिडक्या ठेवल्या तर प्रत्येकीला स्विच हवा, म्हणजे खिडकी उघडताच त्या भागाचं पाणी बंद होईल. दारांना दुहेरी लॉबी लागेल, आणि इमारतीत हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवावा लागेल. हे पाळणार नसाल तर तिथे रेडियंट करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोजमाप करायचं असेल तर मीटर निविदेतच लिहावेत. चिलर, कूलिंग टॉवर, पंप आणि पंखे यांना वेगवेगळे वीज मीटर, आणि प्रत्येक पाणीवर्तुळाला उष्णता मोजणारा मीटर. पाण्याचा प्रवाह मोजायला मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या साधारण दहापट सरळ लांबी लागते. प्लँट रूमचं पाइपिंग उभं राहिल्यावर तेवढा सरळ तुकडा शोधून सापडत नाही.